खडावा घातल्यासारखी पावलं: पलूसजवळच्या मळ्यावरचं डिस्टेंपरचं एक प्रकरण

पलूस तालुक्यात कृष्णाकाठच्या एका मळ्यावरचा हा कुत्रा. नाव खंड्या, नर, वय 7 महिने, वजन 14 किलो. बाप कारवानी, आई गावठी, त्यामुळे लांब पायांचा आणि अरुंद तोंडाचा. आजारपणाची सुरुवात जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात झाली. मी गेली कित्येक वर्षं याच भागात जनावरांचा डॉक्टर म्हणून काम करतो. डिस्टेंपर हा कुत्र्यांचा विषाणूजन्य, जीवघेणा आजार, त्याचे कुत्रे दर हिवाळ्यात बघतो. तरी हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण या आजाराचे सगळे टप्पे मला एकाच कुत्र्यात, तारीखवार बघायला मिळाले. माझी एक चूकही त्यात आहे, आणि ती लिहिली नाही तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही.

पहिली भेट

घरातला धाकटा मुलगा कुत्र्याला मोटारसायकलवर पुढं बसवून दवाखान्यात घेऊन आला. तक्रार अशी की दोन दिवस भाकरी हुंगून सोडून देतंय, डोळ्यांतून पाणी येतंय, नाक गळतंय. ताप 103.8 होता. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं, म्हणजे ताप होता, पण हबकून जावं असा नव्हता. छाती मोकळी, हिरड्या गुलाबी, अंगावर दोन-चार गोचिड्या.

"लसी झाल्यात का रे?" मी विचारलं.

"झाल्यात की सर, पुस्तिका हाय," म्हणून त्यानं खिशातनं पुस्तिका काढली. मी ती उघडली, एक स्टिकर दिसला, पुस्तिका मिटली. चूक इथं झाली. तो स्टिकर रेबीजच्या लसीचा होता, कुत्रा तीन महिन्यांचा असताना टोचलेली. डिस्टेंपर, पार्व्हो (उलट्या-जुलाबाचा विषाणूजन्य रोग) वगैरेंच्या एकत्रित लसीचा एकही स्टिकर त्यात नव्हता. आपल्याकडं गावोगाव "लस झाली" याचा अर्थ "पिसाळण्याची लस झाली" एवढाच असतो, हे मला माहीत असून मी पानावर नीट नजर फिरवली नाही. बाहेर थंडी कडाक्याची, त्यात सगळीकडं पाचट जाळल्याचा धूर. सर्दी धरली असेल असं समजून मी अँटिबायोटिक दिलं आणि घरी पाठवलं.

दुसऱ्याच दिवशी फोन आला, "उतरला ताप, खातंय बघा." मीही निर्धास्त झालो.

डिस्टेंपर इथंच फसवतो. विषाणू शरीरात शिरल्यावर साधारण तिसऱ्या ते सहाव्या दिवशी पहिला ताप येतो. तो एक-दोन दिवसांत उतरतो आणि बऱ्याचदा कुणाच्या लक्षातही येत नाही. मग काही दिवसांनी दुसरा ताप चढतो आणि खरा आजार त्याच्यासोबत येतो. मधल्या दिवसांत कुत्रा बरा झालाय असंच वाटतं. त्या वेळी विषाणू लसीकाग्रंथी आणि प्लीहेत वाढत असतो, पांढऱ्या पेशी मारत असतो. म्हणजे अंगातली प्रतिकारशक्ती आधी मोडून काढतो आणि मग फुप्फुस, आतडी, कातडी, मेंदू यांच्याकडं वळतो.

सहावा दिवस

सहाव्या दिवशी थोरला भाऊ आणि आजी दोघं आले, छोटा हत्ती टेम्पोत कुत्रा पोत्यावर टाकून. डोळ्यांत पिवळसर चिपडं इतकी की डावा डोळा चिकटून बंद झालेला. दोन्ही नाकपुड्या हिरवट शेंबडाच्या खपलीनं बुजलेल्या, त्यामुळं तोंड उघडं ठेवून श्वास. सकाळपासून दोन उलट्या, जुलाब पातळ, त्यात रक्ताची एखाददुसरी रेघ. ताप 104.4. छातीत घरघर. उताणा केला तर पोटाच्या उघड्या कातडीवर मोहरीएवढ्या पुटकुळ्या. वजन सहा दिवसांत 14 वरून 12.6 किलोवर.

आता मी पुस्तिका पुन्हा मागितली आणि नीट वाचली. मग विचारलं, आसपास आणखी कुठलं कुत्रं आजारी आहे का. आजींनी सांगितलं, बांधाच्या पलीकडं ऊसतोडीची टोळी उतरलीय, बीडकडची. त्यांच्या कोप्यांपाशी तीन पिल्लं होती, खंड्या दिवसभर त्यांच्यात खेळायचा. त्यातलं एक गेल्या पंधरवड्यात सर्दी-जुलाबानं मेलं. हे मी पहिल्या दिवशी विचारलं असतं तर पाच दिवस वाचले असते. टोळीवर ठपका ठेवण्यात अर्थ नाही. गळीत हंगामात माणसं, बैल, कुत्री सगळी एका जागी येतात, आणि लस न टोचलेली कुत्री आपल्या गावातही तितकीच आहेत.

डोळ्याच्या आतल्या कडेवरून कापसाच्या काडीनं नमुना घेऊन डिस्टेंपरच्या तपासणी किटवर टाकला. काही मिनिटांत दोन रेघा उमटल्या, म्हणजे डिस्टेंपरच. पार्व्होचं किट केलं, ते नकारात्मक आलं. रक्ताच्या काचेवर गोचीड-तापाचे जंतू दिसले नाहीत, प्लेटलेट ठीक होत्या, पांढऱ्या पेशींतल्या लिम्फोसाइट मात्र बऱ्याच कमी. आपल्या भागात ताप आणि गोचिड्या एकत्र दिसल्या की सरसकट गोचीड-तापाचं औषध सुरू होतं. म्हणून हा फरक मी मालकांना कागदावर दाखवला.

किटबद्दल एक सांगतो. सुरुवातीच्या आठवड्यात, डोळे-नाक वाहत असताना ते चांगलं साथ देतं. आजार मेंदूत गेल्यावर डोळ्यात विषाणू सापडेलच असं नाही, तेव्हा एका रेघेवर विसंबून "डिस्टेंपर नाही" म्हणता येत नाही. शिवाय नुकतीच लस टोचली असेल तर पीसीआर तपासणी लसीतल्या विषाणूमुळंही होकारार्थी येऊ शकते. म्हणून तपासणीआधी लसीची तारीख विचारायलाच हवी.

थोरल्या भावाला "व्हायरस" म्हटल्यावर काही उमगलं नाही. मग मी आजींकडं वळून म्हणालो, "आजी, पूर्वी गुरांना बुळकांडी यायची, आठवते?"

"न आठवायला काय झालं? आमच्या दारातली खिल्लारी जोडी गेली की त्यात. डोळं गळायचं, तोंड यायचं, हगवणीनं जनावर बसायचं."

"हा त्याच घरातला रोग. कुत्र्याचा."

आजींना पुढं काही सांगावं लागलं नाही. ही नुसती उपमा नव्हे. गुरांची बुळकांडी, माणसांचा गोवर, शेळ्या-मेंढ्यांचा पीपीआर आणि कुत्र्यांचा डिस्टेंपर या चौघांचे विषाणू एकाच मॉर्बिलीव्हायरस गटातले. बुळकांडी लसीकरणानं जगातून गेली, 2011 मध्ये तसं जाहीर झालं. डिस्टेंपरची लस कित्येक दशकांपासून उपलब्ध आहे, पण हा रोग कुठंच गेलेला नाही.

उपचार

डिस्टेंपरच्या विषाणूला मारणारं खात्रीचं औषध नाही. हे मालकाला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावं असं माझं मत आहे, नाहीतर तो "ताकदीचं इंजेक्शन" शोधत चार दारं फिरतो. आपण करतो ते एवढंच: कुत्र्याची स्वतःची प्रतिकारशक्ती उभी राहीपर्यंत त्याला पाण्यावाचून, श्वासावाचून आणि अन्नावाचून मरू द्यायचं नाही. लस नसलेल्या कुत्र्यांपैकी निम्म्याच्या आसपास दगावतात, लहान पिल्लांत त्याहून जास्त. हेही मी सांगितलं.

पहिले चार दिवस शिरेतून रिंगर लॅक्टेट, उलटी थांबवणारं इंजेक्शन, आणि फुप्फुसात दुय्यम जंतुसंसर्ग झाला होता म्हणून अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट. बी-कॉम्प्लेक्स. डोळ्यांत अँटिबायोटिकचे थेंब आणि दिवसातून चार-पाच वेळा कृत्रिम अश्रूंचे थेंब. या रोगात अश्रुग्रंथींना मार बसतो, डोळा कोरडा पडतो आणि बुबुळावर जखम होते. चिपडं दिसतात म्हणून डोळा "ओला" आहे असं वाटतं, तसं नसतं.

स्टेरॉइड मी दिलं नाही. मेंदूला सूज असताना एखादा डोस देणारे डॉक्टर आहेत, त्यांची कारणंही आहेत. पण छातीत संसर्ग आणि लिम्फोसाइट आधीच तळाला गेलेल्या असताना उरलीसुरली प्रतिकारशक्ती दाबायची, हे मला पटत नाही.

खरी मेहनत आजींनी केली. उकळून गार केलेल्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकून, जुन्या सुती लुगड्याच्या चिंधीनं नाकाच्या खपल्या भिजवून काढायच्या, ओढायच्या नाहीत. नाक मोकळं झालं की अन्नाचा वास येतो आणि वास आला तरच कुत्रं खातं. घरातल्या नातवाच्या दम्याचं वाफेचं मशीन होतं, त्यासाठी कुत्र्याचा वेगळा मास्क आणायला सांगितला आणि नुसत्या सलाइनची वाफ दिवसातून तीनदा. वाफेनंतर ओंजळीसारखा हात करून दोन्ही बरगड्या पाच मिनिटं थोपटायच्या. खायला तांदळाची पेज, उकडलेलं अंडं, बिनमसाल्याचं कोंबडीचं पाणी, थोडं थोडं आणि कोमट. घशात सिरिंजनं जोरात ढकलू नका हे मी तीनदा बजावलं. कण छातीत गेला तर न्यूमोनियावर न्यूमोनिया. तापासाठी घरातली पॅरासिटामोल किंवा अंगदुखीची गोळी अजिबात नाही, कुत्र्याला ती विषासारखी ठरू शकते. शेजारच्या मळ्यावरून डाग देण्याचा सल्ला आला होता. आजींनी तो परतवून लावला.

विषाणूच्या बाबतीत एक दिलासा आहे. तो बाहेर टिकत नाही. साबण, फिनाइल, ऊन, कोरडेपणा यांनी तो लवकर मरतो, पार्व्होसारखा महिनोन्महिने जमिनीत दबा धरून बसत नाही. पण बरा झालेला कुत्राही कित्येक आठवडे, कधी तीन-चार महिने, लघवी-लाळेतून विषाणू सोडत राहतो. म्हणून खंड्याला रिकाम्या गोठ्यात वेगळं ठेवलं.

पंधराव्या दिवशी ताप गेला होता, जुलाब थांबले होते, अर्धी भाकरी दुधात कुस्करून खाल्ली. घरात दिवाळीसारखा आनंद. या वेळी मी तो आनंद पूर्ण होऊ दिला नाही. म्हटलं, "आजी, अजून दोन महिने माझ्यावर विश्वास ठेवा. हा रोग जाता जाता मागं वळून बघतो. कुठं काही उडताना, थरथरताना दिसलं की मोबाइलवर व्हिडिओ काढायचा आणि मला पाठवायचा."

पावलांचा आवाज

एकोणिसाव्या दिवशी आजींचा फोन. "डाक्टर, कुत्रं चाललं की आवाज येतोय. खडावा घातल्यागत."

मी जाऊन बघितलं. ओट्यावर शहाबादी फरशी आहे. खंड्या चालला की टक् टक् असा कोरडा आवाज. पंजा हातात घेतला तर गादी, जी बोटानं दाबली की रबरासारखी बसते, ती वाळलेल्या कातड्यासारखी कडक झालेली आणि काठाला चिरा गेलेल्या. नाकाचा शेंडाही तसाच खरखरीत. हे डिस्टेंपरचं ओळखीचं लक्षण, आणि ते दिसलं की पुढं मेंदूचा त्रास होण्याची भीती वाढते. मी पुस्तकात हे शंभरदा वाचलंय, पण कानानं निदान करणारी आजी पहिल्यांदा भेटली.

चोविसाव्या दिवशी व्हिडिओ आला. खंड्या गाढ झोपलेला आणि डावा पुढचा पाय खांद्यापासून ठरावीक तालात उडतोय, सेकंदाला एकदा म्हणावं तसा. झोपेतही न थांबणारं हे उडणं दुसऱ्या फारच थोड्या आजारांत दिसतं.

सत्ताविसावा दिवस

संध्याकाळी सातला धाकट्याचा फोन, मागं माणसांचा गलका. "सर, खंड्या पिसाळलंय म्हणत्यात सगळी. काठ्या घिऊन आल्यात. लवकर या."

मी पोहोचेपर्यंत वीस मिनिटं गेली. गोठ्याच्या दारात आठ-दहा माणसं, आत आजी एकट्या, दाराला पाठ लावून. झालं होतं असं की खंड्याचा जबडा अचानक कटकट वाजायला लागला, उसाचं कांडं चघळावं तसा. तोंडातून फेस आला, मग तो आडवा पडून चारही पाय मारू लागला. मुलानं त्याचं डोकं धरायला हात घातला आणि जबड्याच्या झटक्यात बोटावर दात ओरखडला. कुणीतरी नाकाला कांदा फोडून लावला, कुणी चप्पल हुंगवली. दोन मिनिटांनी झटका थांबला. मी गेलो तेव्हा खंड्या भिंतीला धरून उभा राहायचा प्रयत्न करत होता, आणि आजींनी नाव घेतल्यावर त्यानं शेपूट हलवलं.

बाहेरच्या माणसांना मी मूर्ख म्हणणार नाही. रेबीजची भीती खरी आहे आणि त्यांच्या घरात पोरं आहेत. मी त्यांना फरक सांगितला. पिसाळलेल्या कुत्र्याच्या आधी अशी सर्दी-जुलाबाची तीन आठवड्यांची कहाणी नसते. त्याचा स्वभाव आणि आवाज बदलतो, जबडा लोंबतो, गिळता येत नाही, आजार एकाच दिशेनं खाली जातो आणि लक्षणं दिसू लागल्यावर साधारण दहा दिवसांच्या आत तो मरतो. डिस्टेंपरमध्ये दोन झटक्यांच्या मधे कुत्रा माणूस ओळखतो, पाणी पितो, खातो. खंड्याला किट होकारार्थी आलेलं होतं, रेबीजची लसही झालेली होती.

तरीही बोटाच्या बाबतीत मी अंदाजावर काही सोडलं नाही. दात लागलाय आणि कुत्र्याला मेंदूची लक्षणं आहेत, एवढं पुरेसं आहे. तिथंच नळाखाली साबणानं 15 मिनिटं घड्याळ लावून बोट धुवायला लावलं आणि त्याच रात्री सरकारी रुग्णालयात पाठवलं. रेबीजच्या लसीचा पूर्ण कोर्स त्यानं केला. खंड्याला गोठ्यात जाळी लावून 10 दिवस बंद, पाणी-अन्न काठीनं पुढं सरकवायचं, हातमोज्याशिवाय लाळेला हात नाही. झटका येत असताना तोंडाजवळ हात न्यायचा नाही, कांदा-चप्पल नाही, पाणी पाजायचं नाही. आजूबाजूच्या टोकदार वस्तू बाजूला करायच्या, अंधार करायचा, वेळ मोजायची. लघवीचा आणि डोळ्याचा नमुना पुण्याच्या प्रयोगशाळेत पीसीआरसाठी पाठवला, तिथून डिस्टेंपरवर शिक्कामोर्तब झालं. दहाव्या दिवशी खंड्या जिवंत होता आणि भाकरी मागत होता.

त्या रात्री गुदद्वारातून डायझेपाम दिलं आणि दुसऱ्या दिवसापासून फेनोबार्बिटल 30 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, म्हणजे किलोमागं साधारण अडीच मिलिग्रॅम. ही गोळी डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि स्वतःच्या मनानं एक दिवसही बंद करायची नसते. एकदम थांबवली तर आधीपेक्षा वाईट झटके येतात. सुरुवातीचे दहा-बारा दिवस कुत्रं झिंगल्यासारखं चालतं, फार पाणी पितं, फार मुततं, अधाशासारखं खातं. हे आधी सांगितलेलं नसलं की मालक घाबरून गोळी सोडतो.

थोरल्या भावानं मला बाजूला घेऊन विचारलं, "सर, मोकळं करून टाकलेलं बरं न्हाय का? हाल बघवत न्हाईत." प्रश्न प्रामाणिक होता. त्याच महिन्यात दुसऱ्या एका मळ्यावरच्या पिल्लाला मीच शेवटचं इंजेक्शन दिलं होतं. त्याचे झटके औषधानंही थांबत नव्हते, मागचे दोन्ही पाय गेले होते, ते कुणाला ओळखत नव्हतं. खंड्याचं तसं नव्हतं. तो स्वतः खात होता, उभा राहत होता, दोन झटक्यांच्या मधे शुद्धीत होता. मी म्हटलं, पंधरा दिवस द्या, गोळी लागू पडते का बघू. पुढच्या पंधरा दिवसांत दोनच झटके आले, त्यानंतर एकही नाही. पायाचं उडणं मात्र गोळीनं थांबत नाही, ते बहुधा जन्मभर राहतं, हे मी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. त्याचा कुत्र्याला दुखण्यासारखा त्रास होत नाही.

आसपासची कुत्री

घरातली म्हातारी कुत्री, शेजारच्या दोन मळ्यांवरची तीन आणि टोळीतली उरलेली दोन पिल्लं. लस ही आजारी कुत्र्यावरचा उपाय नाही, ती फक्त निरोग्यालाच द्यायची. टोळीतल्या एका पिल्लाला खोकला होता, त्याला थांबवलं. बाकीच्यांना एकत्रित लस दिली. पिल्लांच्या बाबतीत एका डोसवर भागत नाही, याचं कारण मी मुकादमाच्या बायकोला कोपीसमोर बसून सांगितलं. आईच्या दुधातून आलेलं संरक्षण काही आठवडे टिकतं, आणि ते असेपर्यंत लसीला काम करू देत नाही. ते नेमकं कधी संपतं ते प्रत्येक पिल्लाचं वेगळं. म्हणून 6 ते 8 आठवड्यांपासून सुरू करून दर 3-4 आठवड्यांनी, वय 16 आठवडे होईपर्यंत डोस द्यायचे आणि पुढं वर्षानं बूस्टर. लस 2 ते 8 अंशांत राहिलेली हवी. बर्फाशिवाय एसटीतून आलेली बाटली टोचली तर स्टिकर मिळेल, संरक्षण नाही. तिनं पुढची तारीख मोठ्या अक्षरात लिहून मागितली आणि पुस्तिका रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली. टोळी मार्चअखेर गेली, तोवर दुसरा डोस झाला होता. खोकणारं पिल्लू वाचलं नाही.

शिराळ्याकडच्या, चांदोलीच्या जंगलालगत राहणाऱ्यांना हे मी जास्त कळकळीनं सांगतो. गीरमध्ये 2018 साली जे सिंह मेले त्यांच्यात हाच विषाणू सापडला होता. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या कडेला बिबटे आणि कोळसुंदे आहेत आणि आपली गावठी कुत्री रात्री त्याच ओढ्यांवर पाणी पितात.

सप्टेंबर

ऑगस्टपासून फेनोबार्बिटलचा डोस हळूहळू कमी करायला घेतलाय, आधी यकृताच्या रक्ततपासण्या करून. सहा महिन्यांत झटका नाही. वजन 19 किलो. पंजांच्या गाद्या पुन्हा मऊ झाल्यात. डावा पुढचा पाय अजून उडतो, धावताना कळत नाही, बसल्यावर कळतो.

सप्टेंबरमध्ये रेबीजच्या वार्षिक डोससाठी आजी आणि धाकटा त्याला घेऊन आले. डिस्टेंपर होऊन गेलेल्या कुत्र्याला त्या रोगापासून दीर्घकाळ संरक्षण असतं, पण पार्व्हो आणि लेप्टोस्पायरापासून नसतं, तेव्हा त्या लसीही आता वेळच्या वेळी चालू केल्यात. मुलानं पुस्तिका पुढं केली. मी ती टेबलावर उघडून ठेवली, चष्मा लावला आणि प्रत्येक स्टिकर नाव व तारखेसह मोठ्यानं वाचला. आजी प्रत्येकाला "हां" म्हणत होत्या.